मागीलदारी सांगितलेली तीन लग्नं

वाचकाचं पत्र

प्रिय ताई,

मी 46 वर्षांची. सिंधुदुर्गात बंदराजवळच्या गावात आमचं दुकान आहे. नायलॉन दोरी, जाळ्याचं सूत, गळ, शिसं, रंग, नटबोल्ट. मिस्टर जाऊन पाच वर्षं झाली, दुकान आता मी चालवते. मुलगी मुंबईला इंग्रजीत एम. ए. करते. मे महिन्यात ती घरी आली तेव्हा तिचा सेमिनार होता, 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड' या कादंबरीवर. रात्री मागीलदारी बसून तिनं मला सगळी गोष्ट सांगितली. मग मासेमारी बंदीत गिऱ्हाईक नसताना डिक्शनरी घेऊन मी ते पुस्तक स्वतः वाचलं. मुलगी म्हणते, तिसरा नवरा, टी केक, मेल्यावरच गोष्टीतली नायिका जेनी मोकळी होते, म्हणजे बाईला पुरुषाची गरज नाही हाच पुस्तकाचा अर्थ. मला तसं वाटलं नाही, पण मांडता आलं नाही.

त्याला कारण आहे. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एक जण, माझ्याहून सात वर्षांनी लहान, रीतसर घटस्फोट झालेला, मला लग्नाचं विचारतोय. दुकानात आला की विचारतो, "तुमचं काय म्हणणं, कुठची दोरी खाऱ्या पाण्यात टिकेल?" वीस वर्षं मी त्याच दुकानात मागच्या दारानं चहा आणून देत होते, मला कुणी काही विचारलं नव्हतं. मिस्टर वाईट नव्हते, हात कधी उगारला नाही. पण गल्ल्यावर बसू दिलं नाही. दीर म्हणतात, लग्न केलंस तर घर-दुकान सोडावं लागेल. मुलगी म्हणते, "आई, तो टी केक पण तिला मारतो, विसरलीस?" हा तसा शांत आहे. एकदाच, मी एका खलाशाशी हसून बोलले तेव्हा दोन दिवस आला नाही आणि मग म्हणाला, "एवढं हसायची काय गरज होती?" मी काय करू? आणि जेनीचं खरं काय?

उत्तर

नमस्कार ताई,

हसण्याबद्दलचं ते वाक्य तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंत. माझ्या मते तुमच्या पत्रात सगळ्यात जड तेच आहे. त्याच्याकडे मी येणार आहे. पण तुम्ही जेनीचं आणि स्वतःचं एका दमात विचारलंत, तेव्हा आधी जेनीकडे जाऊ. ती आपल्याला परत तुमच्या दुकानातच आणून सोडेल.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेनं ही कादंबरी हैतीमध्ये असताना सात आठवड्यांत लिहिली आणि ती 1937 मध्ये आली. हर्स्टन वाढल्या फ्लोरिडातल्या ईटनव्हिलमध्ये. कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलेलं आणि स्वतःच चालवलेलं ते गाव. त्या मानववंशशास्त्र शिकल्या होत्या, गावोगाव हिंडून लोकांच्या गोष्टी नि गाणी त्यांनी गोळा केली होती. म्हणून या पुस्तकातली माणसं पुस्तकी इंग्रजी बोलत नाहीत, आपल्या बोलीत बोलतात. तुम्हाला डिक्शनरीत निम्मे शब्द सापडले नसतील, तो तुमचा कमीपणा नव्हे. ते संवाद मोठ्यानं वाचून बघा. आपल्याकडे एखाद्या कादंबरीत निवेदन प्रमाण मराठीत असावं आणि माणसांनी तोंड उघडलं की मालवणी ऐकू यावी, तसं ते आहे.

गोष्ट सुरू होते तीच शेवटाकडून. चाळिशीची जेनी मळका ओव्हरऑल घालून एकटीच गावात परतते. दारादारांत बसलेले लोक तिला बघून कुजबुजतात: गेली होती तेव्हा सॅटिनच्या झग्यात होती, तो तरणा कुठे गेला, पैसे घेऊन पळाला का? तिची मैत्रीण फीबी तेवढी झाकलेली ताटली घेऊन मागच्या बाजूनं येते. मागच्या पायरीवर बसून जेनी जेवते, दमलेले पाय पाण्यात सोडते आणि सांगायला लागते. उरलेलं पुस्तक म्हणजे ते सांगणं.

तुम्ही मागीलदारी बसून गोष्ट ऐकलीत असं लिहिलंत ना, तिथंच मी थांबले. ही गोष्ट त्याच जागेची आहे.

माझ्या वडिलांची आत्या लहानपणीच विधवा झालेली. लाल अलवण, डोक्यावरून पदर. ओटीवर पुरुष बसलेले असले की ती घरात आहे की नाही हे कळायचं नाही. पण मागीलदारी, फणसाच्या आठळा सोलत बसली की तिचं तोंड थांबत नसे. कुणाच्या जमिनीची हद्द कुठली, कोणत्या साली कोणाचा पडाव बुडाला, कुठल्या सुनेला कोणी काय बोललं. आठळीवरचं पांढरं साल नखानं सोलायची आणि ते सोलून होईतो एक हकीकत संपलेली असायची. ओटीवर मात्र तिच्याच शेताचा वाद चालला होता तेव्हा तिला कुणी बोलावलं नाही. मी आठ-नऊ वर्षांची होते. ही सगळं जाणते आणि गप्प का, हे मला तेव्हा समजलं नाही. जेनीच्या दुसऱ्या लग्नाबद्दल वाचताना समजलं, तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती.

आता लग्नं बघू. पहिलं सोळाव्या वर्षी. अंगणातल्या बहरलेल्या नाशपातीच्या झाडाखाली जेनी मधमाश्या बघत पडलेली असते आणि लग्न म्हणजे असंच काही असेल असं तिच्या मनात येतं. त्याच दुपारी फाटकाशी एक पोरगा तिचं चुंबन घेतो, आजी ते बघते आणि घाबरून तिचं लग्न लोगन किलिक्सशी लावून देते. वयानं मोठा, 60 एकर जमीन. सुरुवातीला तो गोड बोलतो, मग लाकडं फोडायला सांगतो, मग बाईला हाकता येईल असं गरीब खेचर शोधायला निघतो, नांगराला हिला जुंपता यावं म्हणून.

दुसरा जो स्टार्क्स. नटलेला, बोलका, मोठी स्वप्नं. जेनी त्याच्याबरोबर जाते. ईटनव्हिलमध्ये तो दुकान काढतो, महापौर होतो. त्या दिवशी लोक म्हणतात, आता बाईंनी दोन शब्द बोलावेत. जो स्टार्क्स हसत म्हणतो की माझ्या बायकोला भाषणबिषण काही कळत नाही, तिची जागा घरात. टाळ्या होतात. पुढची वीस वर्षं तिनं दुकानात काम करायचं, पण पायरीवर रंगणाऱ्या गप्पांत बसायचं नाही. केस इतरांना दिसू नयेत म्हणून फडक्यात बांधून ठेवायचे. एकदा जेवण बिघडलं म्हणून तो तिला मारतो. त्या दिवशी जेनीला कळतं की आपल्याला आता एक आतलं आणि एक बाहेरचं मन आहे, आणि ते दोन एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. ती हसते, माल तोलते, आणि आत दुसरंच काही सांभाळून ठेवते.

ताई, तुम्ही लिहिलंत, मिस्टर वाईट नव्हते. मला ते पटतं. पुस्तक वाचताना जो स्टार्क्सचाही मला नुसता राग आला नाही. त्यानं गावाला पोस्ट आणलं, रस्त्यावर दिवा आणला. पण बायकोशी वाईट न वागणं आणि बायकोला माणूस म्हणून विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या तिठ्यावरची सगळी दुकानं पहिल्यावर भागवतात. तुम्हाला मारहाण झाली नाही म्हणून तुमची वीस वर्षं दुखलीच नाहीत, असं स्वतःला समजावू नका. चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारात उभं राहायचं, आत कोण किती साखर घेतो हे पाठ असायचं, आणि दोरीचा भाव मात्र नाही. याला नाव नाही, म्हणून ते सांगता येत नाही. तुम्ही पत्रात ते नाव न देता सांगितलंत आणि ते मला पोचलं.

जो स्टार्क्स मरतो तेव्हा जेनी डोक्याचं फडकं काढून आरशात बघते. केस तसेच लांब, दाट. मग ती ते परत बांधते, खिडकी उघडते आणि नवरा गेला म्हणून लोकांना हाक मारते. सगळी फडकी ती जाळते ती नंतर, प्रेतयात्रा झाल्यावर त्या रात्री. हा मधला थोडा वेळ लेखिकेनं ठेवला, याचं मला फार कौतुक वाटतं. मोकळं झालेलं माणूस लगेच पळत सुटत नाही.

तिसरा टी केक. सुमारे बारा वर्षांनी लहान, गरीब, गिटार वाजवणारा. दुकानात येतो आणि सोंगट्यांचा डाव मांडून म्हणतो, चल, खेळू. जेनीला उकळ्या फुटतात, कारण आपण खेळू शकू असं कुणालातरी वाटलं. तुमची खाऱ्या पाण्यातली दोरी म्हणजे तो सोंगट्यांचा डाव आहे, आणि तुम्हाला काय झालं असेल ते मला अगदी कळतं. पुढे दोघं एव्हरग्लेड्सच्या दलदलीत शेंगा तोडायला जातात. तिथं तिला लोकांमध्ये बसून गोष्टी सांगता येतात, बंदूक चालवता येते. आणि तिथंच टी केक तिला मारतो. तिनं काही केलेलं नसतं. एक बाई आपल्या भावाला जेनीच्या पुढ्यात आणू बघते, म्हणून हा संशयापोटी तिला मारतो, कोण मालक ते दाखवायला. मग वादळ येतं. 1928 मध्ये ओकीचोबी सरोवराचा बांध फुटून किमान अडीच हजार माणसं मेली, त्यांतली बहुसंख्य शेतावर राबणारी कृष्णवर्णीय. कादंबरीतलं वादळ त्याच्यावर बेतलेलं. निसर्ग आणि तौक्ते ही चक्रीवादळं पाहिलेल्या आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ते प्रकरण वेगळं समजावून द्यावं लागत नाही. पाण्यात जेनीला वाचवताना पिसाळलेला कुत्रा टी केकला चावतो, रेबीज होतो, भ्रमात तो तिच्यावर पिस्तूल झाडतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी तिला त्याच्यावर गोळी घालावी लागते. खटला होतो, ती सुटते, गावी परतते.

आता तुमच्या मुलीचं म्हणणं. तिनं हवेतून आणलेलं नाही, त्यामागे बरीच वर्षांची चर्चा आहे. पुस्तक आलं तेव्हा रिचर्ड राइट या मोठ्या कृष्णवर्णीय लेखकानं लिहिलं होतं की यात ना विषय, ना संदेश. बाईचं स्वतःला शोधणं हा विषयच नव्हे, असं त्या काळी कितीतरी जाणत्यांना वाटत होतं. पुस्तक मागे पडलं. हर्स्टन 1960 मध्ये गरिबीत वारल्या, कबरीवर नावसुद्धा नव्हतं. 1973 मध्ये ॲलिस वॉकर या कृष्णवर्णीय लेखिका गवतातून वाट काढत ती कबर शोधायला गेल्या, तिथं दगड बसवला आणि 1975 मध्ये त्यावर लेख लिहिला. मग स्त्रीवादी वाचकांनी हे पुस्तक उचलून धरलं: एक काळी बाई, नवरे सोडते, आपला आवाज कमावते.

पण त्याच वाचकांत लवकरच मतभेद झाले, आणि तुमचा-मुलीचा वाद हुबेहूब त्यांतलाच आहे. 1979 च्या एका परिसंवादात प्रश्न आला की जेनीला आवाज खरंच मिळाला का? कोर्टात ती बोलते, पण तिचे शब्द लेखिका आपल्याला ऐकवत नाही. वॉकर यांनी उत्तर दिलं की बाईनं बोलावं कधी हे पुरुषांनी ठरवायचं नसतं. कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं हे जेनीला कळलंय. मला हे उत्तर पटतं, आणि त्याला मी आपली आठळा सोलणारी आत्या जोडते. जेनीनं दुकानाच्या पायरीवर भाषण ठोकलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या. ती मागीलदारी बसून एका मैत्रिणीला सांगते आणि म्हणते, तुला वाटलं तर त्यांना सांग, माझी जीभ माझ्या मैत्रिणीच्या तोंडात आहे. मात्र आत्याला मागीलदार नेमून दिलेलं होतं. जेनीनं ते निवडलं. एवढा फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

मार खाण्याच्या प्रसंगाबद्दल मी मवाळ होणार नाही. तो प्रसंग लेखिकेनं पुरुषांच्या तोंडून, त्यांच्या हेव्यादाव्यांतून सांगितलाय. जेनीला त्या रात्री काय वाटलं याची एक ओळ नाही. जी बाई सगळं पुस्तक बोलते ती नेमकी तिथं गप्प आहे. काही वाचक म्हणतात, तो काळ तसा होता; काही म्हणतात, लेखिकेनं मुद्दाम ती रिकामी जागा ठेवली. मी म्हणते, रिकामी जागा रिकामी म्हणूनच वाचावी. प्रेम आहे म्हणून ती झाकू नये, आणि ती आहे म्हणून प्रेम खोटं होतं असंही नाही. तुमच्या मुलीला तो मार दिसला, याबद्दल तिला शाबासकी द्या. तिच्या वयात माझ्या नजरेतून तो सुटला होता.

पण मुलीला एक गोष्ट दिसली नाही, आणि ती तुम्हीच तिला दाखवू शकाल. आजी. गुलामीत जन्मलेली ती बाई, मालकापासून तिला मूल झालेलं, त्या मुलीवर शाळामास्तरनं बलात्कार केलेला, आणि त्यातून जेनी. (आपल्या कुठल्याही दुःखाशी हे एकास एक जुळवू नये, गुलामगिरी ही गुलामगिरी होती.) जगाचं ओझं वाहणारं खेचर म्हणजे काळी बाई, असं ती नातीला सांगते आणि 60 एकराच्या मागे तिला लपवून ठेवते. प्रेमापोटी. तरी जो स्टार्क्स मेल्यावर जेनीला उमगतं की आपण आजीचा तिरस्कार करतो. देवानं क्षितिजाइतकी मोठी वस्तू दुसरी केली नाही, आणि आजीनं तेच क्षितिज चिमटून एवढंसं केलं आणि नातीच्या गळ्याभोवती आवळून बांधलं.

ताई, तुमची मुलगी आणि तुमचे दीर एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असं तुम्हाला वाटतंय. दीर म्हणतात, लग्न केलंस तर घर जाईल. मुलगी म्हणते, लग्न केलंस तर मोकळेपणा जाईल. दिरांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. पण मुलीच्या मनात भीती आहे. बाप गेल्यावर आई गल्ल्यावर बसली, हिशेब शिकली, हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय आणि ते पुन्हा हिरावून घेतलं जाईल या भीतीनं ती तुमच्याभोवती कुंपण घालते आहे. कुंपण स्त्रीवादाचं आहे, पण आजीच्या मायेनंच घातलेलं. तिच्यावर रागावू नका. आणि त्या कुंपणाच्या आतही राहू नका.

शेवटी जेनी फीबीला सांगते की दोन गोष्टी ज्याच्या त्यानं स्वतःच करायच्या असतात: देवाकडे जाणं आणि जगायचं कसं ते शोधणं. तेव्हा जेनीनं तिसरं लग्न केलं म्हणून तुम्ही दुसरं करा असं मी सांगणार नाही, आणि तिला मार बसला म्हणून करू नका असंही नाही. कादंबरीतल्या टी केकचा निकाल लेखिकेला कुत्र्याकडून लावता आला. तो जगला असता, साठीला आला असता, तर त्या घरात काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या माणसाला मात्र कुठलाही कुत्रा चावणार नाही. तो रोज संध्याकाळी घरी येईल.

म्हणून आता ते वाक्य. "एवढं हसायची काय गरज होती?"

टी केकनं मारलं त्याच्या कितीतरी आधी या वाक्याचं बी पडलेलं असतं. सोंगट्या मांडणारा हात आणि मारणारा हात एकाच माणसाचा असतो, हे पुस्तकानं दाखवलंय. याचा अर्थ तुमचा माणूस मारकुटा आहे असा मी मुळीच काढत नाही. मला तो माहीत नाही. दुखावला गेला असेल, दोन दिवस न येण्यामागे लाज असेल. पण तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. मला वाटतं तुम्ही काही बोलला नाहीत. वीस वर्षांची सवय आहे.

तेव्हा लग्नाचा विचार बाजूला ठेवून आधी एवढंच करा. दुकान बंद करायच्या वेळी, दोन स्टुलं ओढून, त्याला सरळ सांगा: दुकान माझं आहे, गिऱ्हाइकाशी हसणं हा माझा धंदा आहे आणि माझा स्वभावही, लग्नानंतर तो बदलणार नाही, त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मला टोचलं. सांगून झाल्यावर गप्प बसा आणि तो काय करतो ते बघा. चिडला, किंवा "एवढंसं काय मनावर घेतेस" म्हणाला, तर तुम्हाला उत्तर मिळालं. गप्प राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायला आला, तर तेही उत्तरच. आणि पहिल्या बायकोपासून फारकत का झाली, हे त्याच्या तोंडून ऐका आणि जमलं तर दुसऱ्या कुणाकडूनही. यात संकोच करायचं कारण नाही, बोट विकत घेताना आपण तिचा तळ बघतोच.

दिरांचं म्हणणं कायद्यात बसत नाही. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात लग्नाची मुभा होती, पण दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जायचा. गावात अजून तेच बोललं जातं. तो कायदा 1983 मध्येच रद्द झाला. आजच्या हिंदू वारसा कायद्यानुसार नवऱ्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्याच्या वाट्याचं जे काही असेल त्यात तुम्ही, मुलगी, आणि सासूबाई हयात असतील तर त्या, सारख्या हिस्सेदार. तो हिस्सा तुमच्या पूर्ण मालकीचा, नंतर लग्न केलंत म्हणून परत जात नाही. एकत्र जमिनीत दिरांचा हिस्सा असेल तर तो त्यांचा आहेच. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर पंधरा-पंधरा नावं असतात, तेव्हा आधी बघा की तुमचं नाव वारस म्हणून लागलंय का. नसेल तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या आणि फेरफाराची नक्कल घेऊन ठेवा. दुकानाचा परवाना आणि बँकेचं खातं तुमच्या नावावर हवं. वकिलाची फी हा प्रश्न असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईला तिथं उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते. आणखी एक काम लग्नाआधी करा: मृत्युपत्र. ते नसेल तर तुमच्या पश्चात मुलीबरोबर नव्या नवऱ्यालाही वाटा जातो. मुलीच्या मनातली अर्धी भीती त्या एका कागदानं जाईल.

हे रुक्ष वाटेल, पण जेनी गावी परत येऊ शकली ती कशामुळे ते आठवा. दुसऱ्या नवऱ्याचं घर तिनं विकलं नव्हतं, बँकेत पैसे होते. टी केकनं तिचे कपड्यांच्या आत टाचून ठेवलेले 200 डॉलर उधळले, तेव्हाही बँकेतल्यांना हात लागला नव्हता. तिच्या शोधाबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली, पण त्या किल्लीबद्दल फार कमी. घर उघडायला किल्ली होती म्हणून तिला मागच्या पायरीवर बसून सांगता आलं.

आपल्या कोकणातली एक गोष्ट मला या निमित्तानं सारखी आठवते आहे. देवरुखच्या गोदूबाई, लहानपणीच विधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि 1893 मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. कर्व्यांच्या मुरुड गावानं बहिष्कार टाकला. पुढे म्हातारपणी या आनंदीबाईंनी, म्हणजे बाया कर्व्यांनी, 'माझे पुराण' लिहिलं. कर्व्यांनी एका विधवेचा उद्धार केला असं आपण शाळेत शिकतो. पण ते पुस्तक उघडलं की एक ठसठशीत बाई स्वतःची हकीकत स्वतःच्या तोंडानं सांगताना भेटते. ग्रंथालयात मिळालं तर जेनीच्या शेजारी ठेवून वाचा.

मुलगी चतुर्थीला येईल. दीड दिवसाचा असो की पाच, घरात माणसं असतील, पडवीत आरत्या, भजनं, पाहुणे. तिथं हा विषय काढू नका. सगळे निजले की तिला मागीलदारी बोलवा. मे महिन्यात तिनं सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. या खेपेला तुम्ही सांगा. मागच्या दारातला चहा, गल्ला, दोरी, आणि तो खलाशी आणि ते हसणं, आणि त्यानंतर त्या माणसाशी दुकानात काय बोलणं झालं, सगळं. तिनं मध्ये काही म्हटलं तर म्हणू द्या. गाडीतून रात्रभर बसून आलेली असेल, तिला पाय सोडायला बादलीभर कोमट पाणी द्या, आणि ताटलीत दोन घावणं झाकून ठेवा.